स्वतंत्र ग्रंथसंपादकाची नेमणूक

प्रकाशनसंस्थेच्या नोकरीत नसलेल्या आणि ठरलेल्या मानधनावर एकेका पुस्तकाचे काम घेणाऱ्या संपादकाकडे लेखकाने आपले हस्तलिखित छपाईपूर्वी सोपवणे, म्हणजे स्वतंत्र ग्रंथसंपादकाची नेमणूक होय. बोलण्यात ‘फ्रीलान्स एडिटर’ हाच शब्द रूढ आहे. ‘हस्तलिखित’ हा शब्दही आता संगणकावर टंकलेल्या मजकुरास सर्रास लावला जातो.

मराठीत संपादनाची थोर परंपरा घडली ती मुख्यतः प्रकाशनगृहांत. ‘मौज’ प्रकाशन आणि ‘सत्यकथा’ मासिकाशी निगडित असलेले श्री. पु. भागवत व राम पटवर्धन लेखकांशी सविस्तर पत्रव्यवहार करीत, पुनर्लेखन सुचवीत आणि त्यासाठी थांबण्याची तयारी ठेवीत. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडले. आज अनेक पुस्तके लेखकाच्या स्वखर्चाने निघतात आणि संपादक शोधण्याचा भारही त्याच्यावरच येतो. नाशिक जिल्ह्यात निवृत्त शिक्षक, वकील, डॉक्टर, शेतकरी अशी मंडळी आत्मकथन किंवा गावाचा इतिहास लिहितात, तेव्हा त्यांच्यासमोर पहिला प्रश्न हाच असतो की, वही दाखवायची कोणाला? यावर एक साधा उपाय आहे. नाशिकच्या, १८४० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन आपल्या विषयाची अलीकडची पुस्तके काढावीत, त्यांची श्रेयपृष्ठे व ऋणनिर्देश वाचावेत आणि तेथे सापडलेल्या नावांकडे विचारणा करावी. ओळखीतल्या मराठीच्या शिक्षकाकडे वही देण्यापेक्षा हा मार्ग अधिक खात्रीचा आहे, कारण चांगले शिकवणे आणि दुसऱ्याचे पुस्तक घडवणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत.

संपादन आणि मुद्रितशोधन यांची गल्लत फार होते. आशयसंपादनात प्रकरणांचा क्रम, पुनरुक्ती, राहिलेले दुवे आणि तपशिलांची विसंगती पाहिली जाते. भाषासंपादनात वाक्यरचना व शब्दयोजना. तर मुद्रितशोधनात, म्हणजे प्रूफ तपासताना, पानांवर लागलेल्या मजकुरातील चुका. ‘नुसते शुद्धलेखन बघून द्या’ असे सांगून हस्तलिखित सोपवायचे आणि पुस्तक विस्कळीत झाल्याचे छपाईनंतर ध्यानात आले की संपादकाला दोष द्यायचा, हे अन्यायाचे आहे. काम कोणते हवे, ते आधी लेखकानेच ठरवले पाहिजे.

पारख करण्याचे सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे नमुना. हस्तलिखिताच्या मधल्या भागातील आठदहा पाने, शक्यतो संवाद आणि स्थानिक शब्द असलेली, योग्य मानधन देऊन तपासून घ्यावीत. निफाडच्या द्राक्षबागायतदाराच्या आत्मकथनात ‘खरड छाटणी’ (द्राक्षवेलींची उन्हाळ्यातली छाटणी) आणि कांदा उत्पादकाच्या लिखाणात ‘उन्हाळ कांदा’ हे शब्द येणारच. एखादा संपादक ‘उन्हाळ’ खोडून तेथे ‘उन्हाळी’ करील आणि आपण चूक दुरुस्त केली असे मानील. दुसरा त्याच शब्दाखाली रेघ ओढून समासात लिहील, ‘हाच शब्द वापरतात ना? असल्यास ठेवू या.’ काम दुसऱ्याकडे द्यावे. बागलाण, कळवण, मालेगाव या भागांतील पात्रे ‘माले’, ‘तुले’ असे अहिराणी बोलत असतील, तर त्यांच्या तोंडी ‘मला’, ‘तुला’ घालणे म्हणजे त्या माणसांना त्यांच्या गावातून उचलून परक्या ठिकाणी बसवणे होय. मात्र तेच पात्र एका पानावर ‘माले’ आणि पुढच्या पानावर कारणावाचून ‘मला’ म्हणत असेल, तर ती विसंगती दाखवणे हे संपादकाचे कर्तव्यच आहे.

शुद्धलेखनापुरता आधार मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांचा असतो. १९६२ मध्ये शासनमान्यता मिळालेल्या १४ नियमांत १९७२ मध्ये चारांची भर पडून ते १८ झाले. ‘कवी’ दीर्घ पण ‘कविसंमेलन’ ऱ्हस्व, अशा जागी जाणकाराची नजर लागते. निवेदनात ‘केले’ की ‘केलं’, हा निर्णय मात्र पुस्तकाच्या स्वभावावरून लेखक व संपादक यांनी मिळून घ्यावा, आणि एकदा घेतल्यावर शेवटच्या पानापर्यंत पाळावा.

मानधन पानांवर, शब्दसंख्येवर किंवा एकरकमी ठरते. शब्दसंख्येचा हिशेब सर्वांत स्वच्छ असतो, कारण अक्षराचा आकार बदलला की पाने बदलतात. कामाचे स्वरूप, किती वाचने होतील, मुदत, आगाऊ रक्कम आणि काम मध्येच थांबल्यास देणे किती, हे कागदावर घ्यावे; ओळखीच्या माणसाशी असा कागद करणे अवघड वाटते, पण ओळख टिकते ती त्यामुळेच. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखीच व्हावे लागते. भाषा नेटकी करून दिल्याने संपादक सहलेखक होत नाही. पण मजकूर मोठ्या प्रमाणात नव्याने लिहून घ्यायचा असेल, तर ते शब्दांकन ठरते आणि त्याचा करार स्वतंत्र हवा. संपादनाबरोबर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, मिळवून देण्याचे शुल्क कोणी वेगळे मागत असल्यास हे ठाऊक असावे की, भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो.

संपादन अक्षरजुळणीपूर्वी पूर्ण व्हावे. बदल दिसत राहतील अशा पद्धतीने, म्हणजे ‘ट्रॅक चेंजेस’ चालू ठेवून, काम करण्याचा आग्रह लेखकाने धरावा आणि मूळ फाइल जपून ठेवावी. जुना मजकूर श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये, असून तो युनिकोडमध्ये आणला असल्यास रफार व जोडाक्षरे बिघडण्याचा संभव असतो, म्हणून रूपांतरानंतर संपूर्ण मजकूर मुळाशी ताडून पुन्हा वाचावा लागतो. सुचवलेला बदल स्वीकारायचा की नाही, हा अधिकार अखेरपर्यंत लेखकाचाच राहतो. संपादकाचे नाव श्रेयपृष्ठावर द्यावे, परंतु महत्त्वाच्या सूचना लेखकाने नाकारल्या असतील आणि संपादकाने आपले नाव न छापण्याची विनंती केली, तर तिचा मान राखून पान छपाईला जाण्यापूर्वीच ते काढावे.