ट्रेलरच्या दिव्यांची झडती घेणारी पेटी

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडून ओढत न्यायची, चाकांवरची छोटीशी खोली. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले असले, तरी मुंबईत असा ट्रेलर अजून क्वचितच दिसतो. तो उभा करायला सोसायटीच्या आवारात जागा कुठली? त्यामुळे ट्रेलर पनवेल-कर्जतकडे आणि मोटार दादरच्या इमारतीखाली, अशी ताटातूट होते. दिवे तपासायचे म्हटले की मोटार तिथवर न्यायची, एकाने आत बसून ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने मागे उभे राहून ‘लागला, नाही लागला’ असे ओरडायचे. एवढे करूनही एखादा दिवा लागला नाहीच, तर दोष मोटारीत आहे की ट्रेलरमध्ये, हा वाद उरतोच. घरी बनवता येणारी एक साधी पेटी हा वाद मिटवते, कारण ती मोटारीची जागा घेते.

पेटीत 12 व्होल्टची बॅटरी, फ्यूज, चार-पाच स्विच, एक फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग), एक अँपिअर मीटर आणि ट्रेलरचा प्लग बसेल असे सात पिनांचे सॉकेट एवढेच सामान लागते. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, त्यातले बरेचसे एका फेरीत मिळते. बॅटरी यूपीएसमध्ये असते तशी 7 अँपिअर-तासाची चालते. भिंतीवरच्या प्लगमध्ये लावायचा छोटा अडॅप्टर मात्र टाळावा. बल्बमधल्या टंगस्टनच्या तारेचा रोध ती थंड असताना तापलेल्या अवस्थेच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच असतो; त्यामुळे स्विच दाबताच क्षणभर कितीतरी पट प्रवाह उसळतो आणि अडॅप्टर घाबरून बंद पडतो. बॅटरी हा धक्का सहज सोसते. पण हीच बॅटरी चुकून शॉर्ट झाली, तर तार लाल होईपर्यंत प्रवाह देऊ शकते, म्हणून फ्यूज तिच्या धन टोकाला अगदी खेटून बसवावा. 21 वॅटचे चार (ब्रेक आणि इंडिकेटर), 5 वॅटचे दोन (टेल लाइट) आणि नंबर प्लेटचा 5 वॅटचा एक असे सगळे बल्ब एकदम लागले तर 99 वॅट, म्हणजे सव्वाआठ अँपिअर होतात. तेव्हा 10 अँपिअरचा फ्यूज योग्य ठरतो.

सात पिनांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत पिवळी तार डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची, लाल ब्रेकची, पांढरी अर्थची (दिव्यांतला प्रवाह बॅटरीकडे परतण्याच्या वाटेची), तपकिरी आणि काळी अनुक्रमे उजव्या व डाव्या टेल लाइटची, तर निळी मागच्या धुक्याच्या दिव्याची असते. अमेरिकी बनावटीच्या ट्रेलरमध्ये मात्र ब्रेक आणि इंडिकेटर बहुधा एकाच तारेवर असतात आणि निळी तार विजेवर चालणाऱ्या ब्रेककडे जाते, त्यामुळे रंग पाहून जोडणी करण्याची घाई महागात पडते. शिवाय पिनांचे क्रमांक समोरून मोजले तर एक क्रम आणि मागून मोजले तर त्याची आरशातली प्रतिमा, ही चूक जवळजवळ प्रत्येकाकडून एकदा होते.

फ्लॅशर इलेक्ट्रॉनिक घ्यावा. जुन्या औष्णिक फ्लॅशरमध्ये प्रवाहाने तापणारी पट्टी वाकते, सर्किट तोडते, थंड होते आणि पुन्हा जोडते. बल्बऐवजी कमी प्रवाहाचे एलईडी असतील तर ती पुरेशी तापतच नाही. इंडिकेटरच्या स्विचला ‘लुकलुक’ आणि ‘स्थिर’ अशा दोन्ही जागा ठेवाव्यात, नाहीतर मीटरवरचे आकडे वाचेपर्यंत दिवा विझतो.

पेटीचा खरा जीव या मीटरमध्येच आहे. 21 वॅटच्या एका बल्बला 12 व्होल्टवर पावणेदोन अँपिअर लागतात. ब्रेकच्या स्विचवर साडेतीन अपेक्षित असताना पावणेदोनच दिसले तर एक बल्ब गेला. शून्य दिसले तर तार तुटली. फ्यूज उडाला तर कुठेतरी धन तार चॅसीला, म्हणजे ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला, टेकली. सर्वांत फसवा दोष मात्र अर्थचा. समजा, उजव्या बाजूच्या इंडिकेटर आणि टेल लाइटचा सामाईक अर्थ गंजून तुटला आहे (ब्रेकचा आणि नंबर प्लेटचा बल्ब हिशेबात धरलेला नाही) आणि दोन्ही टेल लाइट पेटीत एकाच स्विचवर जोडलेल्या आहेत. उजवा इंडिकेटर लावताच प्रवाह त्याच्या बल्बमधून जातो, पुढे अर्थ सापडत नाही म्हणून शेजारच्या टेल लाइटच्या तारेतून उलटा पेटीपर्यंत येतो आणि डाव्या टेल लाइटमधून चॅसी गाठतो. परिणामी उजवा इंडिकेटर काळाच राहतो, दोन्ही टेल लाइट मिणमिणतात आणि बघणाऱ्याला वाटते की तारांची अदलाबदल झाली आहे. मीटर मात्र पावणेदोनऐवजी पाव अँपिअरच्या थोडे वर दाखवतो. तेवढ्या प्रवाहात 5 वॅटच्या त्या दोन बल्बांना जेमतेम सहा-सहा व्होल्ट मिळतात, आणि टंगस्टनचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताने बदलत असल्याने अर्ध्या व्होल्टेजला तो दहाव्या हिश्श्याइतकाच उरतो.

हाच घात अर्थची तार बारीक असली तरी छळतो. सगळ्या दिव्यांचा प्रवाह त्या एकाच पांढऱ्या तारेतून परततो. 1 चौरस मिलिमीटर जाडीच्या सात मीटर तांब्याच्या तारेचा रोध 0.12 ओहम, आठ अँपिअरला तिच्यातच जवळपास एक व्होल्ट खर्ची पडतो आणि पाव हिस्सा प्रकाश जातो. अडीच चौरस मिलिमीटरची तार घातली तर हा तोटा 0.4 व्होल्टवर येतो.

किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत पावसाळ्याचे चार महिने उघड्यावर उभ्या असलेल्या ट्रेलरचा अर्थ टिकणे कठीणच. नटाखालचा रंग आणि गंज घासून लोखंड चकचकीत करावे, दातेरी वॉशर घालून लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) घट्ट आवळावा, वरून ग्रीस चोपडावे आणि स्विच ‘स्थिर’वर ठेवून मीटरचा काटा पुन्हा पावणेदोनवर येतो का ते पाहावे.