हरित इमारत मानांकन

इमारत उभारताना आणि नंतर वापरताना लागणारी वीज, पाणी व बांधकाम साहित्य यांची तपासणी करून तिला गुण आणि दर्जा देण्याची पद्धत. मानांकन घेणे ऐच्छिक असते. ऊर्जा संहितेला, म्हणजे इमारतीच्या ऊर्जावापरासाठीच्या नियमांना, मात्र कायद्याचा आधार असतो. पहिली मोठी पद्धत, ‘ब्रीयम’, १९९० मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली. अमेरिकेची ‘लीड’ पद्धत १९९८ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली. तिचा प्लॅटिनम हा सर्वोच्च दर्जा भारतात सर्वप्रथम हैदराबादच्या सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला २००३ मध्ये मिळाला. देशी पद्धतींमध्ये भारतीय हरित इमारत परिषदेची (आयजीबीसी) आणि ‘टेरी’ या ऊर्जा संशोधन संस्थेने विकसित केलेली ‘ग्रिहा’ या दोन प्रमुख आहेत.

सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये गुणांची बेरीज हेच सर्वस्व होते. सायकल स्टँड, बसथांब्याची जवळीक, स्थानिक साहित्य अशा बाबींतून गुण गोळा करून दर्जा पदरात पडे आणि ऊर्जेची बाजू लंगडी राहिली तरी चालून जाई. विजेचा हिशोबही इमारतीत माणसे राहायला येण्याआधी संगणकावर मांडलेला असे. पुढे बिल किती येते यावर दर्जा अवलंबून नसे. लीड इमारतींना सरासरीपेक्षा २५ ते ३० टक्के कमी ऊर्जा लागते, असे २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात म्हटले होते. त्यावर बराच वाद झाला आणि तो अनाठायी नव्हता.

एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या लीडच्या पाचव्या आवृत्तीने रोख बदलला. जवळजवळ निम्मे गुण आता कार्बन कमी करण्याशी जोडलेले आहेत. वापरातील कार्बनचा (इमारत चालवताना होणाऱ्या उत्सर्जनाचा) पुढील अनेक वर्षांचा अंदाज आणि बांधकामातील कार्बनची (साहित्य बनवताना व इमारत उभारताना होणाऱ्या उत्सर्जनाची) मोजणी प्रत्येक नव्या इमारतीला करावीच लागते. प्लॅटिनम हवे असेल तर ऊर्जाबचत, विद्युतीकरण (इंधन जाळण्याऐवजी विजेचा वापर), नवीकरणीय वीज आणि बांधकामातील कार्बनची घट या चारही गोष्टी अनिवार्य आहेत. इथे एकीची उणीव दुसरीने भरून काढता येत नाही. विद्युतीकरणाचा आग्रह मात्र भारतात जपून वाचायला हवा. आपल्या ग्रिडची वीज मुख्यतः कोळशाची असून एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यामुळे इथे युनिट वाचवणे हीच पहिली पायरी.

बांधकामातील कार्बनचा मोठा वाटा सिमेंट आणि सळईचा. चुनखडी सुमारे १,४५० अंश सेल्सियसला भाजून क्लिंकर हा सिमेंटचा मुख्य घटक तयार होतो. या वेळी भट्टीच्या इंधनातून कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि त्याहून जास्त खुद्द चुनखडीतून. म्हणजे उद्या भट्टी सौरऊर्जेवर चालली तरी अर्ध्याहून अधिक उत्सर्जन तसेच राहील. उपाय म्हणजे क्लिंकर कमी वापरणे. पीपीसी या मिश्र सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश (औष्णिक वीजकेंद्रातील राख) असते. पोलाद कारखान्यातील स्लॅग (मळी) घातलेल्या सिमेंटमध्ये स्लॅगचे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. अडचण कागदावर नसते, साइटवर असते. असे काँक्रीट सुरुवातीला ताकद हळू धरते, त्यामुळे सेंट्रिंग जास्त दिवस ठेवावे लागते. आठवड्याला स्लॅब टाकण्याचे वेळापत्रक असलेला ठेकेदार त्याला सहजी तयार होत नाही.

भारतात संहिता आणि मानांकन हातात हात घालून पुढे सरकली. व्यावसायिक इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली व २०१७ मध्ये सुधारली गेली. निवासी इमारतींसाठी ‘ईको निवास संहिता’ २०१८ मध्ये आली. ऊर्जा संवर्धन कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आणल्या. थंड हवामान सोडून अन्यत्र भिंती आणि खिडक्यांमधून घरात शिरणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅटपेक्षा जास्त नसावी, अशी निवास संहितेची अट आहे.

हीच संहिता वाऱ्याचाही हिशोब मागते. मुंबई किंवा रत्नागिरीसारख्या उष्ण-दमट हवामानात उघडता येणारी जागा चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के हवी. म्हणजे ६०० चौरस फुटांच्या घराला १०० चौरस फूट. ‘उघडता येणारी’ हा शब्द महत्त्वाचा. फ्लॅटमध्ये सर्रास बसवल्या जाणाऱ्या दोन पल्ल्यांच्या स्लायडिंग खिडकीचा एक पल्ला नेहमी दुसऱ्यामागे सरकतो, त्यामुळे तिची निम्मीच जागा मोजली जाते. बिजागरीच्या जुन्या खिडकीची मात्र जवळजवळ सगळी. पश्चिमेच्या खिडकीवरचा छज्जाही या हिशोबात पुन्हा मोलाचा ठरला आहे. दर्शनी भाग सपाट दिसावा म्हणून तोच आधी काढला गेला होता.

महाराष्ट्रात बृहन्मुंबई वगळता बहुतेक ठिकाणी लागू असलेल्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत मानांकनाला थेट आर्थिक मोल आहे. सिल्व्हर किंवा ग्रिहाच्या तीन ताऱ्यांना ३ टक्के, गोल्ड किंवा चार ताऱ्यांना ५ टक्के आणि प्लॅटिनम किंवा पाच ताऱ्यांना ७ टक्के वाढीव एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात बांधता येणारे क्षेत्र) मिळतो. बिल्डरच्या दृष्टीने वीजबिलातील बचतीपेक्षा हे आकर्षण कितीतरी मोठे, कारण बिल भरणार असते सोसायटी. वाढीव एफएसआयमधून उभ्या राहणाऱ्या मजल्यांना लागणारे सिमेंट आणि सळई मात्र या सवलतीच्या गणितात कुठेच धरलेली नाही.