शिवथरची घळ की सुंदरमठ? एका पत्त्यामागची पार्श्वभूमी

माघात दासनवमी, म्हणजे समर्थ रामदासांची पुण्यतिथी, जवळ आली की 'समर्थांनी जिथे दासबोध लिहिला असे मानतात ती खरी शिवथरघळ कोणती' हा प्रश्न पुन्हा डोके वर काढतो. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात. बहुतेकदा दोघे वेगवेगळ्या जागांविषयी बोलत असतात, हे मात्र दोघांच्याही लक्षात येत नाही.

आज जिथे पायऱ्या, दिवे आणि भक्तनिवास आहे ती घळ रायगड जिल्ह्यात महाडपासून सुमारे ३० किलोमीटरवर, वरंधा घाटाच्या पायथ्याच्या खोऱ्यात आहे. खोऱ्यात शिवथर नावाची गावेच तीन आहेत : कसबे, आंबे आणि कुंभे. जुन्या कागदात नुसते 'शिवथर' आले की त्यातले कोणते धरायचे, इथूनच गुंता सुरू होतो. हा सगळा मुलूख जावळीच्या मोऱ्यांचा. १६५६ मध्ये तो शिवाजी महाराजांकडे आला. त्यानंतर तीनच वर्षांनी तिथल्या दाट रानात एखादा गोसावी ग्रंथ लिहीत बसला असेल, तर ते निव्वळ एकांतासाठी होते की नव्या राजवटीमुळे तिथे निर्धास्त राहता येत होते म्हणून, यावर दोन मते पडतात.

तीन वर्षे हा आकडा दासबोधातूनच निघतो. या ग्रंथाच्या भागांना दशक आणि त्यांतल्या प्रकरणांना समास म्हणतात. सहाव्या दशकाच्या चौथ्या समासात कलियुगाची ४७६० वर्षे लोटल्याचा उल्लेख आहे. हिशेब केला की शके १५८१ येते, म्हणजे इसवी सन १६५९. ग्रंथ आपला काळ असा सांगून जातो, जागा सांगत नाही. शिवथरचे नाव येते ते सांप्रदायिक पत्रव्यवहारातून आणि पुढच्या बखरींतून. त्यातही २० दशक, २०० समास आणि ७७५१ ओव्या एका बैठकीत, एकाच जागी झाल्या असे अभ्यासक मानत नाहीत. पहिले सात दशक एका सलग रचनेसारखे वाचता येतात, आठवा 'ज्ञानदशक' स्वतंत्र उभा राहतो आणि पुढचे बरेचसे समास वेळोवेळी रचून नंतर गुंफलेले दिसतात. तेव्हा 'दासबोध घळीत लिहिला' हे विधान ग्रंथाच्या काही भागापुरतेच खरे असण्याची शक्यता मोठी आहे. भाविकांना हे रुचत नाही, पण त्याने ग्रंथाचे काही बिघडत नाही.

आता शब्दांकडे. घळ म्हणजे लेणे नव्हे आणि मठही नव्हे. ओढ्याने कातळ झिजवून केलेली ती कपार. समर्थांच्या नावाने अशा घळी बऱ्याच सांगतात : हेळवाकची, तोंडोशीची, चंद्रगिरीची, मोरघळ. तिथे एकट्याने राहायचे, लिहायचे, पुढे निघायचे. मठाची गोष्ट वेगळी. तिथे देव येतो, रोजचा नैवेद्य येतो, शिष्य येतात, धान्य आणि इनाम येते, म्हणून कागदही होतात. परंपरेत समर्थांच्या इथल्या मठाचे 'सुंदरमठ' हे नाव आहे आणि 'शिवथरची घळ' हेही आहे. दोन्ही एकच, असे आज सरसकट धरले जाते. माझ्या मते खरी गफलत इथेच झाली. ग्रंथ कुठे लिहिला आणि मठ कुठे होता, हे दोन प्रश्न आहेत. त्यांना एक उत्तर असलेच पाहिजे असे नाही.

ही एकरूपता पक्की झाली ती १९३० मध्ये. त्याआधी समर्थांनी चाफळ आणि नंतर सज्जनगड हे मुक्काम केल्याने संप्रदायाचा सारा राबता तिकडे गेला होता आणि खोऱ्यातली जागा विस्मरणात पडली होती. धुळ्याच्या एका संशोधकांनी, ज्यांनी समर्थ वाङ्मयाची हस्तलिखिते गोळा करण्यात हयात घालवली, बाडे चाळून आणि रान तुडवून आजची घळ निश्चित केली. त्यांच्या हाती मोठा आधार होता तो डोंगरमाथ्यावरून धबाबा कोसळणाऱ्या पाण्याच्या समर्थकृत वर्णनाचा. वर्णन जागेशी जुळते यात शंका नाही. पण श्रावणात सह्याद्रीतला धबाबा न कोसळणारा कडा दाखवा!

दुसरा पक्ष वरच्या अंगाला असलेल्या रामदास पठाराकडे बोट दाखवतो. गावाचे नाव, जुन्या वास्तूचे अवशेष, पठारावर माणसांच्या राबत्याला मिळणारी मोकळीक, असे त्यांचे मुद्दे. मठाच्या बाबतीत हे मुद्दे वजनदार आहेत. पण तिथून पुढे जाऊन खालची घळ खोटी ठरवायची, तर त्याला वेगळा पुरावा लागेल. घळवाले मात्र मठाचे नावही सोडायला तयार नाहीत. पाटीवर एकदा चढलेले नाव सहसा उतरत नाही.

स्वातंत्र्यानंतर सज्जनगडावर साधना केलेल्या एका स्वामींच्या प्रेरणेने घळीचा जीर्णोद्धार झाला. आत समर्थ सांगताहेत आणि शिष्य उतरवून घेतोय, अशा मूर्ती बसल्या. मुलांचे संस्कारवर्ग सुरू झाले. येणाऱ्याला राहायला जागा आणि पानात प्रसाद मिळू लागला. दासबोधाचा अभ्यास घरोघरी पोचला त्यात या शिबिरांचा वाटा आहे, वाद कुठेही असो.

गेल्या काही वर्षांत पावसाळी पर्यटनाने चित्र आणखी बदलले. धबधब्याखाली भिजायला येणाऱ्यांना सुंदरमठाशी देणेघेणे नसते. २०२१ च्या जुलैत याच महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. वरंधा घाट आता पावसात अनेकदा बंद असतो, त्यामुळे भोरकडून येणाऱ्यांना ताम्हिणीचा वळसा पडतो. ऐन पावसात घळीसमोर बोललेले ऐकू येत नाही, इतका पाण्याचा आवाज असतो. एरवी मात्र, विशेषतः माघात, ती जागा अगदी शांत असते.