केबल खुपसली की कर्नलमध्ये नेमकं काय होतं?

‘तुमचे ड्रायव्हर जुने झालेत, आत्ताच स्कॅन करा’ असल्या जाहिराती बघून लोकांना वाटतं की ड्रायव्हर, म्हणजे डिव्हाइस चालवणारा प्रोग्रॅम, आत फिरून फिरून आपलं डिव्हाइस हुडकून काढतो. निदान लिनक्समध्ये (त्याचा गाभा म्हणजे कर्नल) तरी असं काही नसतं, आणि जे असतं ते जास्त भारी आहे (त्या स्कॅनवाल्यांना पैसे देऊ नका, ते वेगळंच).

वधूवर सूचक मंडळ असतं ना, तसा मामला. डिव्हाइसची नोंद वेगळी, ड्रायव्हरची वेगळी, कोण आधी आलं याने फरक पडत नाही. जुळवायचं काम बसचं, म्हणजे डिव्हाइस ज्यावरून कॉम्प्युटरला जोडतात त्या यूएसबी, पीसीआय वगैरे मार्गाचं. डिसेंबर २००३ मध्ये २.६ कर्नल आला तेव्हा ही पद्धत सगळ्या बससाठी एक झाली, आधी ज्याचा त्याचा सवता सुभा होता. आणि इथे मंगळ-बिंगळ कोणी बघत नाही, नुसते आकडे बघतात.

आता जुना आर्डुइनो (हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा छोटा बोर्ड) घ्या, त्यावर एफटीडीआय कंपनीची यूएसबी चिप असते. केबल लावली की चिप डेटाच्या एका वायरीवरचं व्होल्टेज वर खेचते, त्यावरून हबला, म्हणजे यूएसबीची भोकं सांभाळणाऱ्या भागाला, कळतं की कोणीतरी आलंय, मग कर्नल त्याला एक नंबर देतो आणि त्याच्याकडून १८ बाइटची माहिती वाचतो. त्यात कंपनीचा नंबर ०४०३ आणि मालाचा ६००१, दोन्ही हेक्साडेसिमल, म्हणजे १६ च्या पायावर मोजलेले. मग नोंद होते, सिसएफएसमध्ये (कर्नल आपल्या नोंदी फाइलींसारख्या दाखवतो तिथे) फोल्डर दिसायला लागतं, आणि आतल्या प्रत्येक इंटरफेसची, म्हणजे डिव्हाइसच्या एकेका कामाची, परत वेगळी नोंद होते, कारण यूएसबीत खरा ड्रायव्हर चिकटतो तो इंटरफेसला, अख्ख्या डिव्हाइसला नाही.

पण ड्रायव्हर अजून मेमरीतच नसला तर? माझा सगळ्यात आवडता भाग हाच. नोंद होताच कर्नल यूइव्हेंट नावाची हाक मारतो, त्यात मोडअलायस म्हणून एक लांबलचक ओळ असते, हेच आकडे ओवलेली. कर्नलच्या बाहेर यूडेव्ह नावाचा प्रोग्रॅम कान लावून बसलेला असतो. कोणत्या आकड्यांना कोणतं मॉड्यूल (ड्रायव्हरची फाइल) याची यादी डिस्कवर आधीच करून ठेवलेली असते, त्यात बघून बरोबर मॉड्यूल लोड होतं, ते आल्या आल्या आपल्या ड्रायव्हरची नोंद करतं, आणि मग बस बिनड्रायव्हरची सगळी डिव्हाइसं परत एकदा तपासते. जुळलं की ड्रायव्हरचं प्रोब फंक्शन, म्हणजे डिव्हाइस ताब्यात घेऊन सुरू करायचा कोड, चालतं. प्रोबने शून्य परत दिलं तर जमलं. ‘मला लागणारा क्लॉक (चिपला ठेका देणारा सिग्नल) अजून तयार नाही’ असं असेल तर ड्रायव्हर डिफर, म्हणजे ‘नंतर बघू’, म्हणतो आणि कर्नल नंतर परत विचारतो, मोबाइलच्या चिपांमध्ये हे फार चालतं.

केबल उपटली तरी मेमरीतली नोंद लगेच पुसता येत नाही. कोणीतरी ती अजून वापरत असेल, म्हणून रेफरन्स, म्हणजे किती जण वापरतायत ते, मोजतात आणि शेवटच्याने सोडल्यावरच मेमरी मोकळी होते. सिरियल मॉनिटर (बोर्डाशी बोलायची खिडकी) चालू ठेवून बोर्ड काढून परत लावला की त्याच्या नावात टीटीवाययूएसबी शून्यच्या जागी कधीकधी एक दिसतो तो यामुळेच, जुना शून्य त्या प्रोग्रॅमने धरून ठेवलेला असतो.