हायड्रोजन रेणूचे अवरक्त उत्सर्जन

तप्त ताऱ्यांच्या जंबुपार प्रकाशाने उजळलेल्या आंतरतारकीय मेघांच्या कडांवर हायड्रोजन रेणू उत्तेजित होतात आणि सुमारे १ ते २८ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या रेषा उत्सर्जित करतात. यांपैकी २.१२ मायक्रोमीटरची १–० एस(१) ही रेषा (कंपनाच्या पहिल्या उत्तेजित पातळीवरून मूळ पातळीवर येताना निघणारी) सर्वांत अधिक वापरली जाते.

या रेणूतील दोन्ही अणू सारखेच असल्याने त्याला स्थायी विद्युत द्विध्रुव नसतो. म्हणून कंपन व परिभ्रमण पातळ्यांमधील संक्रमणे केवळ चतुर्ध्रुव प्रकारची आणि अतिशय मंद असतात. कंपनाच्या पहिल्या उत्तेजित पातळीचे आयुष्य दहा लाख सेकंदांच्या घरात असते, तर २८.२ मायक्रोमीटरच्या परिभ्रमण रेषेच्या वरच्या पातळीचे सुमारे हजार वर्षे. याच मंदपणामुळे मेघातील रेणू ही रेषा क्वचितच पुन्हा शोषतात. मात्र तिच्या वरच्या पातळीची ऊर्जा सुमारे ५१० केल्व्हिन तापमानाइतकी आहे. त्यामुळे १०–२० केल्व्हिन तापमानाचा मेघगर्भ या रेषांत दिसत नाही; दिसते ती उजळलेली साल.

उत्तेजन : ९१.२ ते सुमारे १११ नॅनोमीटरमधील फोटॉन रेणूच्या लायमन व वेर्नर या जंबुपार शोषणपट्ट्यांत शोषला गेला की रेणू इलेक्ट्रॉनीय उत्तेजित अवस्थेत जातो. तेथून परतताना १० ते १५ टक्के वेळा तो फुटतो. एरवी तो मूळ इलेक्ट्रॉनीय अवस्थेच्या वरच्या कंपन पातळ्यांवर येतो आणि अवरक्त फोटॉन टाकत पायरीपायरीने उतरतो. हेच अनुस्फुरण होय. आर. जे. गूल्ड व मार्टिन हार्विट यांनी अशा प्रारणाचा अंदाज १९६३ मध्ये वर्तविला होता, जे. एच. ब्लॅक व ए. डॅल्गार्नो (१९७६) आणि ब्लॅक व ई. एफ. व्हान डिशूक (१९८७) यांनी त्याची तपशीलवार गणिते मांडली.

उगमाचा वाद : १९७६ मध्ये मृग तारकासमूहातील मेघात या रेषा प्रथम सापडल्या, पण ते उत्सर्जन अनुस्फुरणाचे नव्हते. सुमारे २,००० केल्व्हिनपर्यंत तापलेल्या, आघात तरंगाने दणकलेल्या वायूचे ते निघाले. अनुस्फुरणाची खात्रीशीर उदाहरणे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात परावर्तन अभ्रिकांत (जवळच्या ताऱ्याचा प्रकाश परावर्तित करणाऱ्या धूलिमेघांत), विशेषतः एनजीसी २०२३ मध्ये मिळाली. निकष म्हणून २–१ एस(१) व १–० एस(१) यांच्या तीव्रतांचे गुणोत्तर पाहतात : अनुस्फुरणात ते सुमारे ०.५, तर आघाततप्त वायूत ०.१ च्या आसपास. हा निकष सोयीचा असला तरी त्यावर एकट्यावर विसंबणे धोक्याचे आहे. ए. स्टर्नबर्ग व डॅल्गार्नो यांनी १९८९ मध्ये दाखविल्याप्रमाणे, दर घन सेंटिमीटरला लाखभर कण असलेल्या दाट मेघात तीव्र जंबुपार प्रकाश पडला, तर टक्करींमुळे खालच्या पातळ्या औष्णिक होतात (म्हणजे त्यांतील रेणूंची वाटणी वायूच्या तापमानानुसार होते) आणि वर्णपट आघाताचाच भासतो. अशा वेळी उच्च कंपन पातळ्यांवरून येणाऱ्या रेषा अधिक विश्वसनीय ठरतात.

ऑर्थो (दोन्ही अणुकेंद्रांचे परिवलन समांतर) व पॅरा (परिवलन परस्परविरुद्ध) या रेणूच्या दोन प्रकारांच्या गुणोत्तराबाबतही अशीच गफलत होत असे. कंपनोत्तेजित रेणूंत ते उष्ण वायूतील ३ ऐवजी १.७ च्या जवळ आढळल्याने वायू थंड असावा, असा अर्थ काही जण लावीत. स्टर्नबर्ग व डी. ए. न्यूफेल्ड यांचे १९९९ मधील स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे : ऑर्थो रेणू संख्येने जास्त असल्याने त्यांच्या शोषणरेषा आधी संपृक्त होतात (त्या तरंगलांबीचा प्रकाश शोषून संपतो), त्यांचे उत्तेजन तुलनेने घटते आणि खरे गुणोत्तर ३ असतानाही त्याचे वर्गमूळच दिसते.

परिभ्रमण रेषांविषयी मात्र एकमत नाही. स्पिट्झर दुर्बिणीने मोजलेल्या, उच्च पातळ्यांवरून येणाऱ्या रेषा काही मेघांत गणिती प्रतिमानांच्या (मॉडेलांच्या) अपेक्षेपेक्षा बऱ्याच तेजस्वी भरल्या. धूलिकणांवर रेणू अधिक वेगाने बनत असावेत, हे त्यावरचे एक उत्तर. मंद आघात किंवा मेघातील अस्थिर हालचाली, हे दुसरे.

जेम्स वेब दुर्बिणीने मृगातील ‘बार’ या मेघाच्या उजळलेल्या कडेच्या भागात रेणूंच्या विघटनाच्या एकामागे एक तीन सीमा वेगळ्या दाखविल्या आहेत. त्यामुळे एकसंध सपाट थर मानणारी जुनी प्रतिमाने तेथे तोकडी पडतात.