जीपचा पंखा फॅनबेल्टवरून विजेवर कसा आला

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना मे महिन्यात जुन्या जीपगाड्या वळणावर रांगेने उभ्या दिसायच्या. बॉनेट वर, रेडिएटरवर ओलं गोणपाट, आणि ड्रायव्हर पाण्याचा कॅन घेऊन चार हात लांब. झाकण घाईने उघडलं की काय होतं, हे त्याला एकदा भाजून कळलेलं असायचं. विचारलं तर 'पानी उकयी ऱ्हायनं भो' एवढंच उत्तर. त्या जीप आता कमी झाल्या. उरल्यासुरल्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांनी ओढणाऱ्या, बहुतेक हौशी लोकांकडे किंवा मळ्यात आहेत. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचं बॉनेट उघडलं तर इंजिनावरचा लोखंडी पंखा गायब, आणि त्याच्या जागी मारुतीच्या भंगारातले दोन विजेचे पंखे. आमच्या गाडीलाही तेच आहेत. हा बदल चांगला की वाईट, यावर गॅरेजात चहाचे तीन कप संपतात. मला वाटतं, मूळचा पंखा तिथे कसा आला आणि विजेचा कशासाठी निघाला हे माहीत असेल तर अर्धा वाद उरतच नाही.

आधी आपल्या हवेचा हिशेब. रेडिएटर उष्णता टाकतो ती पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. पाणी ९० अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर फरक ६५ चा. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात हवा ४५ ला पोचते, की फरक राहिला ४५. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण उष्णता टाकण्याची ताकद जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरली. त्यातही ४५ हा आकडा सावलीतला. जीप हवा घेते ती तापलेल्या डांबरापासून हात-दीड हात उंचीवरची. शिवाय उन्हाळ्यात दुपारनंतर आपल्याकडे पश्चिमेचा वारा सुटतो. धुळ्याहून जळगावकडे निघालात तर तो पाठीमागून येतो. गाडी चाळीसने चाललीय आणि वारा वीसचा असेल, तर जाळीवर हवा येते विसाच्याच वेगाने. परतीच्या वाटेवर तीच गाडी थंड चालते, आणि आपण श्रेय नव्या कूलंटला देतो.

सुरुवातीच्या मोटारींत पाणी उकळून उडून जायचं आणि वाटेत पुन्हा भरावं लागायचं. त्यातून सुटका केली जर्मन इंजिनिअर विल्हेल्म मायबाख यांच्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या रेडिएटरने. १९०० साली तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजला त्यांनी सहा-सहा मिलिमीटरच्या चौकोनी ८,०७० नळ्यांचा रेडिएटर दिला, आणि हळू चालतानाही हवा मिळावी म्हणून त्याच्यामागे पंखा. पुढे १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी मध्ये पहिल्या काही हजार गाड्यांनंतर पाण्याचा पंपसुद्धा काढून टाकला होता. गरम पाणी आपोआप वर चढायचं, थंड खाली उतरायचं. पंखा मात्र ठेवला, पट्ट्यावर फिरणारा. इंजिन लांबीत उभं, क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याची, पुली रेडिएटरकडे तोंड करून. मध्ये पंखा बसवायला याहून सोपी जागा नव्हती. वीज लागत नाही, स्विच लागत नाही, फॅनबेल्ट शाबूत असेपर्यंत पंखा फिरणारच.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये हीच रचना होती. एकच बेल्ट पंखा, वॉटर बॉडी (म्हणजे पाण्याचा पंप) आणि डायनामो फिरवायचा. १९४७ पासून महिंद्राने या जीपची जुळणी भारतात सुरू केली आणि ती बांधणी पुढची कित्येक दशकं आपल्या रस्त्यांवर टिकली. मग डिझेल आलं. इगतपुरीला प्यूजोच्या परवान्याखाली बनणारं २,११२ सीसीचं इंजिन महिंद्राच्या एमएम ५४० जीपला बसलं. आमच्या घरची गाडी हीच. हे इंजिन थेट इंजेक्शनचं नाही, हेडमधल्या छोट्या कप्प्यात जाळ होतो, त्यामुळे पाण्यात जास्त उष्णता उतरते. रिकामं, उभं असताना डिझेल इंजिन फारसं तापत नाही. तापतं ते ओढताना.

आता फॅनबेल्टच्या पंख्याची खोड. तो इंजिनाच्या वेगाला बांधलेला. हायवेवर ऐंशीने जाताना समोरून येणारी हवाच पुरते, तेव्हा हा गरगर फिरतो आणि ताकद खातो. नाल्याच्या गोट्यांतून लो गिअरमध्ये रांगताना इंजिन हजाराच्या आसपास असतं, समोरून हवा नाही, आणि हा डुलक्या घेतो. हवा फेरे वाढतील त्याच पटीत वाढते, पण पंखा फिरवायला लागणारी ताकद त्या पटीच्या घनाने: फेरे दुप्पट, तर ताकद आठपट. हायवेवर डिझेल पिणारा आणि नाल्यात झोपणारा, असा हा गडी. त्याला वळण लावायचे प्रयत्न मग पन्नासेक वर्षं चालले.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पंख्याभोवतीचं गोल कव्हर. ते नसेल तर पंखा आपल्याच मागची गरम हवा बाजूने फिरवत बसतो, रेडिएटरच्या कोपऱ्यांतून काहीच खेचत नाही. आपल्याकडे हे कव्हर पहिल्या दुरुस्तीला निघतं आणि गॅरेजच्या पत्र्यावर वाळत पडतं. बेल्ट बदलताना हात जात नाही, हे कारण. घाटात उभ्या असलेल्या त्या जीपगाड्यांत मी डोकावायचो तेव्हा कव्हर क्वचितच दिसायचं.

दुसरा उपाय व्हिस्कस क्लचचा. पंख्याच्या मधोमध एक डबी, आत सिलिकॉनचं घट्ट तेल, पुढे दोन धातूंची गुंडाळलेली पट्टी. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पट्टी वळते, झडप उघडते, तेल पुढे सरकतं आणि पंखा इंजिनाला धरतो. हवा थंड झाली की सोडतो. कल्पना फार सुंदर. पण तेल म्हातारं होतं किंवा गळतं, आणि मग पंखा नुसता लटकत फिरतो. आमच्याकडे त्यावर उतारा म्हणजे डबीला आरपार बोल्ट मारून ती कायमची जाम करणे. पुन्हा मूळ खोडीवर.

विजेचा पंखा मात्र या खोडीवरचा इलाज म्हणून पसरला नाही. छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसवायची पद्धत आली आणि क्रँकची पुली रेडिएटरकडे न राहता चाकाच्या बाजूला गेली. पट्ट्याने पंखा फिरवायचा तर बेल्ट वळवायचा कुठून? १९६९ च्या फियाट १२८ मध्ये आडव्या इंजिनाला पुढे रेडिएटर आणि त्यावर तापमानाप्रमाणे चालणारा विजेचा पंखा होता. पुढे बहुतेक छोट्या गाड्या त्याच वाटेने गेल्या. मधल्या काळात डायनामो जाऊन अल्टरनेटर आला होता, हेही महत्त्वाचं. डायनामो इंजिन मंद असताना जेमतेम वीज देतो. त्याच्या भरवशावर पंखा चालवला असता तर बॅटरी उतरून गाडी रोज ढकलस्टार्टला लागली असती. १९६० च्या प्लिमथ व्हॅलियंटपासून अल्टरनेटर सर्रास येऊ लागले, आणि गाडी उभी, इंजिन मंद असतानाही बॅटरी भरू लागली.

आपल्याकडे हा पंखा आला डिसेंबर १९८३ मध्ये, मारुती ८०० बरोबर. ॲम्बॅसिडर आणि पद्मिनीची सवय असलेल्यांना तो भुताटकीसारखा वाटला. आमच्या गल्लीतली पहिली मारुती दारात उभी राहिली, मालकाने चावी काढून खिशात टाकली, आणि पुढून घूं करून पंखा सुरू झाला. तो माणूस घाईने परत जाऊन चावी लावून बघू लागला. मुलं बॉनेटला कान लावून उभी. पुढे याच गाड्या लाखांनी भंगारात निघाल्या आणि त्यांचे पंखे बाजारात स्वस्तात मिळू लागले. जीपवर विजेचा पंखा चढला तो त्या भंगारामुळे. कुठल्या इंजिनिअरच्या शिफारशीने नव्हे.

आमच्या गाडीवर पहिल्यांदा बसवले तेव्हा ती आधीपेक्षा जास्त तापू लागली. वायरमनने पंखे बसवून, आवाज ऐकवून, पैसे घेऊन रवाना केलं होतं. दोन दिवसांनी शेजारच्या पोराने वर्तमानपत्राचा तुकडा जाळीसमोर धरला. तो चिकटायच्या ऐवजी फडफडत बाहेर उडाला. वायरी उलट्या जोडलेल्या. पंखे इंजिनाची गरम हवा पुढे ढकलत होते, आणि चालती गाडी तीच हवा परत आत घेत होती. वायरी पालटल्या, तुकडा टिचकीसरशी जाळीला चिकटला. दुसरी चूक आमचीच. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप. पंख्याचा सेन्सर तिच्या उघडण्याच्या तापमानाखालचा घेतला होता, त्यामुळे पंखे एकदा लागले की थांबतच नव्हते. सेन्सर बदलला, आणि स्विचमधून थेट करंट न नेता रिले (मोठा करंट सांभाळणारा वेगळा स्विच) आणि फ्यूज घातला, नाहीतर डॅशबोर्डमागे वास यायला वेळ लागला नसता.

फायदा किती? दोन पंखे मिळून वीस अँपिअर धरले तर साधारण २७० वॅट. अल्टरनेटरमध्ये वाया जातं ते जमेस धरूनही हा बोजा पाऊण अश्वशक्तीच्या आत, आणि तोही पंखे लागतील तेवढाच वेळ. नाल्यात रांगताना फरक स्पष्ट जाणवतो, कारण इंजिन कितीही मंद असलं तरी पंखे पूर्ण वेगाने चालतात. पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याला फरशी पुलावरून पाणी वाहत असतं. पूर्वी अशा वेळी आम्ही फॅनबेल्ट काढायचो, कारण पाण्यात फिरणारी पाती पुढे वाकतात आणि रेडिएटरची जाळी कापतात. आता डॅशबोर्डवरचं एक बटण दाबून पंखे बंद करतो, पलीकडे गेल्यावर चालू.

पण कन्नडच्या घाटात उभ्या राहणाऱ्या त्या जीप या पंख्याने थंड झाल्या असत्या, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या गिअरमध्ये अडीच हजारांवर इंजिन ठेवून घाट चढला तर फॅनबेल्टचा पंखा जेवढी हवा खेचतो तेवढी मारुतीच्या जोडीने येत नाही. त्या गाड्या तापायच्या कारण डिझेल वाचवायला तिसऱ्यात कण्हत कण्हत चढवायच्या, आत अठरा माणसं आणि टपावर दोन, रेडिएटर आतून चुन्याने आणि बाहेरून गवताच्या बियांनी भरलेला, थर्मोस्टॅट काढून फेकलेला, कव्हर पत्र्यावर. पंखा बिचारा त्यात शेवटचा गुन्हेगार. अमेरिकेतल्या जीप चेरोकीच्या चार लिटरच्या इंजिनाला कंपनीनेच व्हिस्कस पंखा आणि शेजारी एक विजेचा, असे दोन्ही दिले होते. जड ओझं ओढणाऱ्याने मला विचारलं तर मी तेच सांगतो, आणि त्याआधी रेडिएटर खोलून रॉडिंग करायला, म्हणजे नळ्यांत सळई घालून चुना काढायला.

आमचा लोखंडी पंखा मी विकलेला नाही. चार बोल्ट आणि तेरा नंबरच्या पान्यासकट तो मागच्या सीटखाली गोणपाटात गुंडाळून ठेवलाय. तोरणमाळचा घाट चढायला निघालो की गोणपाट बाहेर ओढून बोल्ट मोजून घेतो.