फॉलमधले सिनिअर पोर्ट्रेट : शूटला येण्याआधी

सिनिअर पोर्ट्रेट म्हणजे हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांचे फोटो. न्यू जर्सीत ससेक्स-वॉरनच्या डोंगराळ भागात ऑक्टोबरच्या मध्यावर पानांचे रंग भरात येतात. एडिसन, प्रिन्स्टनच्या पट्ट्यात ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असा आठवडा मिळाला की मेपल लालभडक होतो, ढगाळ आणि उबदार गेला की रंग फिका राहतो. एका वादळी पावसात मेपल रिकामा होतो. ओक पानं बराच काळ धरून ठेवतो. म्हणून उशिराच्या तारखांना आम्ही ओकची जागा निवडतो.

पण रंगापेक्षा वेळ महत्त्वाची. शूट दीड तासाचं असतं आणि ते सूर्यास्ताला संपतं. २० ऑक्टोबरच्या सुमारास सूर्य ६.१०ला मावळतो, म्हणजे ४.४०ला तयार होऊन जागेवर हवं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि सूर्यास्त ४.५०वर येतो. शाळा सुटल्यावर मग वेळ उरत नाही, त्या तारखांसाठी शनिवार-रविवारच घ्या. वीस मिनिटं उशीर झाला तर ती शेवटून जातात, आणि सगळ्यात सुंदर उजेड तिथेच असतो. पाऊस भुरभुरला तर शूट रद्द करत नाही : ओल्या पानांचा रंग गडद येतो आणि ढगांचा उजेड चेहऱ्याला मऊ पडतो. जोराचा वारा असेल तर मात्र तारीख बदलतो.

पिवळ्या झाडाखाली उभं राहावं असं सगळ्यांनाच वाटतं. तिथे पानांवरून परतलेला उजेड चेहऱ्यावर पडून त्वचा कावीळ झाल्यासारखी दिसते. म्हणून मुलांना झाडाच्या कडेला, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून उभं करतो आणि पांढरा रिफ्लेक्टर वापरतो, सोनेरी नाही. जागा बदलली की ग्रे कार्डवर, म्हणजे करड्या रंगाच्या कार्डावर, व्हाइट बॅलन्स (रंग खरे यावेत म्हणून कॅमेऱ्याची जुळणी) पुन्हा घेतो. लेन्स ८५ मिलिमीटर, अॅपर्चर (लेन्सचं उघडं छिद्र) एफ/२ ते एफ/२.८, म्हणजे मागचं धूसर होतं. मागची झाडं किमान ५-६ मीटर लांब हवीत. जवळ असली तर पानांची गर्दी चेहऱ्याशी भांडते.

कपडे : नेव्ही, मरून, क्रीम, गडद हिरवा. नारिंगी पानांत हरवतो, निऑन रंगाची झाक हनुवटीखाली उमटते, बारीक चौकड्यांवर फोटोत लहरी दिसतात. पैठणी किंवा जरीचा कुर्ता असेल तर तो शेवटच्या अर्ध्या तासासाठी ठेवा. थेट उन्हात जरी पांढरी पडते आणि नक्षी जाते. साडीचा काठ घोट्याच्या वर पिनने धरा, काड्या-पानं चिकटतात. बुटांची दुसरी जोडी आणि मधल्या वेळेसाठी जाड जॅकेट आणा. गारठलं की नाक लाल होतं, खांदे वर चढतात, आणि खांदे एडिटिंगमध्ये खाली येत नाहीत.

चष्मा असेल तर हे नक्की वाचा. उन्हात काळ्या होणाऱ्या फोटोक्रोमिक काचा थंडीत आणखी गडद होतात, डोळेच दिसत नाहीत. साध्या काचांचा जुना चष्मा आणा, किंवा चष्म्याच्या दुकानातून त्याच फ्रेमच्या काचा त्या दिवसापुरत्या काढून घ्या. साध्या काचेत आकाश चमकलं तर काड्या कानावर किंचित उचलतो, काच खाली झुकते आणि चमक जाते.

इयरबुकसाठी (शाळेच्या वार्षिक फोटो-पुस्तकासाठी) फोटो कुणी काढायचा, पार्श्वभूमी कशी हवी, शेवटची तारीख कोणती, हे शाळेकडून आधी विचारून घ्या. काही शाळा ठरलेल्या स्टुडिओचाच फोटो घेतात; मग बाहेरचे फोटो घरासाठी आणि नातेवाइकांसाठी होतात. ८×१० इंची प्रिंटला कॅमेऱ्याच्या फ्रेमची लांबी कापावी लागते, त्यामुळे काही फोटो मुद्दाम मोकळी जागा सोडून काढलेले दिसतील.

पार्कचा परवाना लागत असेल तर तो आम्ही काढतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हरणांवरच्या गोचिडी भरपूर असतात आणि त्यांच्यापासून लाइम आजार होऊ शकतो. पानांत बसून फोटो काढले असतील तर घरी गेल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या मुळाशी त्याच रात्री तपासा.